नत्थूनं कसलेली चाकं

पुंडलिकराव मास्तर दर रविवारी सकाळी सायकलवर टांग टाकून नालवाडीच्या चौकातून पवनारकडे जायचे. निवृत्त झाल्यापासूनचा त्यांचा तो नेमच होता. त्या रविवारी मात्र ते पायी आले. एका हातात हँडल, दुसऱ्या हातानं सीटला धरून मागचं चाक अधांतरी उचललेलं, आणि जानेवारीच्या थंडीतही कपाळावर घाम.

नत्थू ताकसांडे आपल्या टिनाच्या दुकानापुढं पाणी शिंपडून पंप बाहेर काढत होता. त्यानं लगबगीनं पुढं होऊन सायकल हातात घेतली.

"पंक्चर का, मास्तर?"

"पंक्चर असती तर ढकलत आणली असती. चाक फिरतच नाही बाबा. तूच पाहा."

नत्थूनं सायकल उलटी करून ठेवली. मागचं चाक पार एका बाजूला झुकून फ्रेमला घासत होतं. त्यानं टायर उतरवला, ट्यूब बाजूला केली, आणि एक स्पोक अलगद त्याच्या हातात आला. तुटलेला नव्हता तो. अख्खाच्या अख्खा आला होता, टोकाच्या निपलसकट, म्हणजे स्पोक रिंगला कसणाऱ्या बारक्या नटासकट. आणि त्या निपलाभोवती रिंगचा, नखाएवढा, अॅल्युमिनियमचा तुकडा चिकटलेला होता. निपल रिंग फाडून बाहेर आलं होतं.

"मागं काही वजन-बिजन नेलं का जी?"

"कशाचं वजन? मी स्वतः एकावन्न किलो आहे. पिशवीत एक पेपर असतो."

नत्थूनं चष्मा लावला. फडक्यानं रिंग पुसली आणि बोटानं एकेक भोक तपासत गेला. दुसऱ्या भोकाभोवती केसासारखी काळी रेघ होती. चौथ्याभोवती होती. सहाव्याभोवती दोन. मोजता मोजता त्याचं बोट थांबलं. भेगा पडलेली सगळी भोकं साखळीच्या बाजूची होती. दिवाळीच्या आधी याच हातानं त्यानं त्या बाजूचे स्पोक पिळून पिळून कसले होते.



गोष्ट अशी होती. दोन-तीन वर्षांपासून वर्ध्यात नव्या घाटाच्या सायकली फार आल्या होत्या. गिअर, जाड टायर, चकचकीत रंग, आणि गिऱ्हाइकाला परवडेल अशी किंमत. बाकी सगळं ठीक असायचं, पण कंपनीतून येणारी चाकं मशीनवर भरलेली, एक स्पोक ताठ तर शेजारचा सैल. महिनाभरात चाकात आउट यायचा, चाक डुलायला लागायचं, दोन महिन्यांत चाकाच्या मधल्या हबाजवळ एखादा स्पोक तुटायचा. मग लोक नत्थूकडे यायचे. नत्थूला चौतीस वर्षांचा हात. चाक स्टँडला लावून तो निपलची चावी अशी फिरवायचा की तासाभरात चाक सरळ रेषेत फिरू लागायचं. वर तो प्रत्येक स्पोक आणखी अर्धा फेरा कसायचा. स्पोकवर नखानं टिचकी मारली की टणत्कार उठला पाहिजे, हा त्याचा हिशेब. नत्थूनं कसलेलं चाक पुन्हा हलत नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून नत्थूला बरं वाटायचं.

पण हा हिशेब लोखंडी रिंगांचा होता. जुन्या काळ्या सायकलींची रिंग जाड, तिला कितीही ताणा, ती हूं की चूं करत नसे. ही नवी रिंग एका पदराची, पातळ. तिला तो ताण सोसत नव्हता. नत्थूला हे आज, या क्षणी कळत होतं. मास्तरांची धरून त्यानं असली अकरा चाकं कसली होती.

त्यातलं एक त्याच्या पोरीचं होतं.

पौर्णिमा वीस वर्षांची. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणीला चाळीस दिवस उरले होते. मांड्यांत ताकद यावी म्हणून ती दर रविवारी हिंगणीच्या पुढं, बोरच्या जंगलाकडच्या टेकडीवर सायकल घेऊन जायची. तो चढ तीनदा चढायचा आणि तीनदा उतरायचा. गुरुवारी संध्याकाळी ती म्हणाली होती, "बाबा, मागच्या चाकातून टिक टिक आवाज येऊन राह्यला." नत्थूनं टायर काढून पाहायला हवं होतं. त्यानं ते केलं नाही. हातातलं काम संपवायची घाई होती. स्पोक सैल झाले असतील, असं म्हणून त्यानं सगळे स्पोक पुन्हा पाव-पाव फेरा कसले होते. आवाज बंद झाला होता.

मास्तर काहीतरी विचारत होते. नत्थूनं फोन काढला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तर बाई सांगू लागली की हा क्रमांक सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

घर दुकानाच्या मागंच होतं. तो आत गेला. कमलाबाई भाजी चिरत बसली होती.

"पौर्णिमा किती वाजता गेली?"

"साडेपाचलेच निघाली. काऊन?"

"काई नाई. पंप विसरली."

कमलाबाईनं विळी बाजूला सारली. तेवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता. "पंपासाठी तुमचं तोंड असं काऊन उतरलं?"

 नत्थू थेट भैयाजीच्या दारात जाऊन उभा राहिला. भैयाजी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, त्याचा शेजारी आणि जुना दोस्त. त्याच्याकडे मोटरसायकल होती. नत्थूनं दोन वाक्यांत सांगितलं. भैयाजीनं चहाची कपबशी तशीच ओट्यावर ठेवली आणि किल्ली घेतली.

पवनारचा पूल मागं पडला तेव्हा नऊ वाजायला आले होते. मागं बसलेला नत्थू मनाशी वेळ जुळवत होता. साडेपाचला निघाली म्हणजे साडेसातच्या आसपास हिंगणी. टेकडीची एक फेरी पाऊण तासाची. म्हणजे आता ती दुसऱ्या चढावर असेल. किंवा दुसऱ्या उतारावर. चढावर चाक गेलं तर काही नाही, खरचटेल. उतारावर ती ब्रेक सोडून देते, हे तिनंच त्याला हसत हसत सांगितलं होतं. "बाबा, वारा कानात शिट्टी वाजवते."

"अजून दाब," तो भैयाजीला म्हणाला.

"दाबलीच हाये. आपण पडलो तर तिले कोण पाह्यन?"

सेलूपर्यंत नत्थूनं चार वेळा फोन लावला. चारही वेळा तीच बाई, तेच वाक्य. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीचं पीक वाळून उभं होतं, बायका शेंगा तोडत होत्या, एक म्हातारा बैल घेऊन निवांत चालला होता. सगळं जग आपापल्या कामात होतं आणि नत्थूला त्याचाच राग येत होता. समोरून सायकल दिसली की तो मान उंचावून रंग पाहायचा, निळी नसली की पुढच्या वळणाकडे नजर लावायचा.

हिंगणीच्या नाक्यावर महादेवरावचं चहाचं दुकान होतं. पौर्णिमा दर रविवारी तिथं पाणी प्यायला थांबते, हे नत्थूला ठाऊक होतं.

"निळ्या सायकलवाली पोरगी? आलती ना," महादेवराव म्हणाला. "एक चक्कर करून आली, पानी पेली, मंग पुन्हा वर गेली. मी म्हटलं बी तिले, पोरी, तुझी सायकल कुरकुर करून राह्यली. थे म्हणे, माह्या बाबांनं कालपरवाच कसली, काई होत नाई."

नत्थूनं टेकडीच्या रस्त्याकडे पाहिलं.

"किती वेळ झाला?"

"अर्धा घंटा. जास्तच असन."

तेवढ्यात टेकडीकडून एक हिरवी जीप हॉर्न वाजवत आली आणि धुरळा उडवत सेलूच्या दिशेनं निघून गेली. तिघांनीही मान वळवून पाहिलं आणि पुन्हा बोलायला लागले. त्या जीपमध्ये कोण होतं हे नत्थूला थोड्या वेळानं कळायचं होतं.

गाव संपलं आणि साग सुरू झाला. पानं झडून गेलेली, नुसते खांब उभे. रस्ता वळणावळणानं वर चढत होता. भैयाजी गाडी हळू चालवू लागला. नत्थू उजवीकडे पाहत होता, भैयाजी डावीकडे. या रस्त्यावर दसऱ्यानंतर दोनदा वाघ दिसला होता. गुराख्यांनी संध्याकाळी चारनंतर इकडे येणं सोडलं होतं. सकाळी काय होतं, असं पौर्णिमा म्हणायची.

तिसऱ्या वळणावर भैयाजीनं गाडी थांबवली. त्यानं खाली बोट दाखवलं.

रस्त्याच्या खाली, वाळक्या पानांत, निळी सायकल पडली होती.

नत्थू उतारावरून घसरतच खाली गेला. मागचं चाक चाक उरलं नव्हतं. मधोमध दुमडून त्याची पापडासारखी घडी झाली होती. चार स्पोक निपलसकट बाहेर लोंबत होते. रस्त्यावर दहा-बारा हात लांब खरवडल्याची खूण होती, तिच्या शेवटी दगडावर रक्त, आणि दगडाला लागून एक बूट. डाव्या पायाचा.

पौर्णिमा कुठंच नव्हती.

"पौर्णिमा," त्यानं हाक मारली.  पुन्हा मारली. सागातून आपलाच आवाज परत आला. पानं इतकी वाळलेली की एखादा पक्षी उतरला तरी माणूस चालल्यासारखं वाटत होतं. तो आवाजाच्या दिशेनं धावला, थांबला, उलट्या दिशेनं धावला. रक्ताचे थेंब कुठं जातात ते त्यानं शोधलं. थेंब सडकेच्या कडेपर्यंत येऊन संपत होते. जनावर ओढून नेतं तेव्हा पानांवर पट्टा उमटतो, हे त्यानं ऐकलं होतं. तो वाकून पानं पाहू लागला. भैयाजीनं त्याला दंडाला धरून उभं केलं.

"नत्थू. असं करू नको. कोनीतरी नेली असन."

"कोनी? इथी कोन हाये?"

वरून माणसाची चाहूल आली. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी वळणावरून उतरत होती. तिनं मोळी टेकवली. रुख्माबाई, टेकडीमागच्या पाड्यावरची. तिनं सगळं पाहिलं होतं.

"जंगलवाल्याइच्या जीपमंदी टाकून नेली," ती म्हणाली. "मीच हाका मारून थांबवलं त्याइले."

"बोलत होती का?"

 म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

"बाई, बोलत होती का थे?"

"डोळे उघडे होते बाप्पा. बोलत नवती."

सेलूच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता नत्थूला नंतर कधी आठवला नाही. हातात तो डाव्या पायाचा बूट होता एवढंच आठवलं. मध्येच कमलाबाईचा फोन आला, त्यानं पाहिला आणि खिशात ठेवला. तिला काय सांगायचं हे ठरवायला त्याला आधी स्वतःला कळायला हवं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात खाकी कपड्यातला एक जण उभा होता. त्यानं नत्थूच्या हातातला बूट पाहिला आणि न विचारताच आत बोट दाखवलं.

पौर्णिमा खाटेवर होती. हनुवटीला टाके, ओठ सुजलेला, पुढचा एक दात अर्धा गेलेला, उजवा हात गळ्यात बांधलेला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, थोडा वेळ शुद्ध हरपली होती, आता बोलते आहे, तरी डोक्याची तपासणी करायला सेवाग्रामला न्या. नत्थूनं मान हलवली. त्याला सगळ्यातलं एकच कळलं होतं, बोलते आहे.

तो खाटेशी बसला. पौर्णिमानं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "बाबा, रागावू नका. मीच ब्रेक जोरात दाबला."

नत्थूनं हातातला बूट खाटेखाली ठेवला.

"वळणावर भ्याव वाटलं मले. दाबला. मंग मागचं चाक एकदम बसलं खाली. चूक माहीच हाये. सायकलीचं लय नुकसान झालं का?"

दारात भैयाजी उभा होता. खोलीत एक नर्स पट्ट्या गुंडाळत होती. नत्थूच्या मनात आलं, राहू दे. तिला तसं वाटतं तर वाटू दे. तिच्या नजरेतला बाप, ज्यानं कसलं की काही होत नाही, तो तसाच राहील. मास्तरांना सांगता येईल की रिंगच खराब होती. कंपनीच्या चाकांना तर सगळेच शिव्या देतात, त्यात एक आणखी. कोण विचारणार आहे? हे सगळं एका श्वासात त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"ब्रेकचं काई नाई पोरी," तो म्हणाला. "मी चाक लय कसलं होतं. रिंग पातळ व्हती, तिले थे झेपलं नाई. गुरुवारी तू आवाज सांगितला, तवाच थे फाटून राह्यली होती. मी टायर काढून पाह्यलंच नाई. उलट अजून कसलं."

पौर्णिमा त्याच्याकडे पाहत राहिली. ती रडली असती, चिडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं.

"भरती तर गेली आता," ती हळूच म्हणाली. मग तिनं डोळे मिटले. नत्थूला वाटलं झोप लागली. पण तिनं डोळे उघडून छताकडे पाहिलं.

"बाबा."

"हं."

"अशी किती चाकं कसली तुमी?"

"मास्तरची अन तुझी धरून अकरा."

"मंग बाकीच्या नऊ सायकली?"

एवढा वेळ नत्थूच्या डोक्यात एकच पोरगी होती. आता अचानक नऊ झाल्या.

सेवाग्रामच्या तपासणीत डोक्याला काही निघालं नाही. कमलाबाई पोरीजवळ राहिली. नवऱ्याशी ती कामापुरतंच बोलत होती. दुसऱ्या दिवशी नत्थूनं दुकान उघडलं नाही. आठवून आठवून नावं काढली आणि भैयाजीला घेऊन दारोदार निघाला. लोकांच्या अंगणात सायकल उलटी करायचा, टायर काढायचा, रिंग पुसायचा, चष्मा लावून भोकं पाहायचा. पहिलं भोक तो दर वेळी दोनदा पाहायचा. कोणी हसलं, म्हणालं, चांगली चालते की. एका बाईनं मात्र भेग पाहिली आणि त्याला फाटकाबाहेर काढलं. तिचं लेकरू त्याच सायकलवर शाळेत जात होतं. नत्थूनं फाटकाबाहेरूनच चाक मागून घेतलं आणि दोन दिवसांनी दुपदरी रिंग भरून परत बसवून दिलं. चार दिवसांत आठ सायकली झाल्या. त्यातल्या तीन सायकलींना भेगा होत्या.

नववी, राखाडी रंगाची, मिळत नव्हती. मालकानं ती विकली होती. घेणारा हिंगणघाटचा, कार्तिक नावाचा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, एवढंच मालकाला ठाऊक. फोन नंबर नव्हता.

नत्थू हिंगणघाटला गेला. तिथं जिनिंग एक नाही. पहिल्या दिवशी दोन फाटकांवर उभा राहून तो हात हलवत परत आला. त्या रात्री जेवताना पौर्णिमा म्हणाली, "उद्या मी येतो संगं." कमलाबाईनं ताट आपटलं. पौर्णिमा म्हणाली, "माय, सायकल ओळखणारे चार डोळे बरे. बाबाले दुरून दिसत नाई."

शनिवारी दुपारी पाळी सुटली तेव्हा बाप-लेक तिसऱ्या फाटकासमोर उभे होते. पौर्णिमाचा हात गळ्यात, हनुवटीवर पट्टी. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, हवेत तंतू तरंगत होते. माणसं बाहेर पडू लागली, पायी, मोटरसायकलींवर, सायकलींवर. केसांत कापूस अडकलेला, सगळे एकसारखे दिसत होते. नत्थू चाकांकडे पाहत होता. इतकी चाकं एकदम जायला लागली की त्याला गरगरू लागलं.

"बाबा, थे पाहा," पौर्णिमा म्हणाली.

राखाडी सायकल, जाड टायर. तिशीतला एक माणूस टांग मारून वेणा नदीच्या पुलाकडच्या उताराला लागत होता.

"कार्तिक," नत्थू ओरडला. गर्दीत दोघांनी वळून पाहिलं, त्या माणसानं नाही. नत्थू धावला. छप्पन वर्षांचं अंग, पायात चपला. पाठीमागून पौर्णिमाही हाका मारत होती. सायकल वेग घेत होती. नत्थूच्या कानांत स्वतःच्याच श्वासाचा आवाज होता आणि डोळ्यांसमोर त्या राखाडी सायकलीचं मागचं चाक, जे उजवीकडे किंचित, अगदी किंचित डुलत होतं. दुसऱ्या कोणाला ते दिसलंही नसतं. पुढं कापसाची एक गाडी आडवी वळली म्हणून तो माणूस थांबला, आणि नत्थूनं मागून त्याचं सीट दोन्ही हातांनी धरलं.

"अरे, काय करून राह्यला हा माणूस?"

नत्थूनं सीट सोडलं नाही. पौर्णिमा धापा टाकत आली. तिनंच सांगितलं. पट्टी बांधलेली पोरगी बोलते आहे म्हणून कार्तिकनं ऐकून घेतलं. तो उतरला. नत्थूनं तिथंच रस्त्याच्या कडेला सायकल उलटी केली. हवा सोडली, टायर उतरवला, सदऱ्याच्या बाहीनं रिंग पुसली.

नऊ भोकांभोवती भेगा होत्या. दोन ठिकाणी रिंग वर उचलली गेली होती, बोट लावलं तर धार लागत होती.

त्यानं कार्तिकचं बोट धरलं आणि त्या धारेवर ठेवलं.

कार्तिकनं बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. त्याचा चेहरा बदलत गेला.

"मी रोज माह्या पोरीले मागं बसवून या पुलावरून शाळेत नेतो," तो म्हणाला. "दुसरीत हाये थे."

आणि तो मटकन रस्त्याच्या कडेला बसला. पौर्णिमानं डाव्या हातानं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली, दातांनी झाकण उघडायला गेली, अर्ध्या दातामुळं जमलं नाही, म्हणून तिनं ती तशीच त्याच्यापुढं धरली. नत्थू पान्यानं चाकाचे नट सोडवू लागला.